लाल शीर, निळी धमनी: गर्भातलं रक्ताभिसरण मला कसं कळलं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, “अम्बिलिकल व्हेनमध्ये, म्हणजे नाळेतल्या शिरेत, कसलं रक्त?” मी ठणकावून सांगितलं, “अशुद्ध!” शाळेत घोकलेलंच होतं, धमनीत शुद्ध आणि शिरेत अशुद्ध. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचा प्रश्न शेजारणीला विचारला.

तेव्हा नवीन मुलींनो, आधी ते घोकलेलं विसरा. हृदयाकडे येते ती शीर, हृदयापासून जाते ती धमनी. पोटातल्या बाळाची फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात, ऑक्सिजन मिळतो तो वारेतून (प्लासेंटातून). म्हणून नाळेतली एकुलती एक शीर लाल रंगवायची आणि वारेकडे परतणाऱ्या दोन धमन्या निळ्या.

आकृती पाठ करून मला कधीच जमली नाही. वहीच्या जोडपानावर स्केचपेननं एका थेंबाची वाट काढली तेव्हा जमली. थेंब नाळेतून आत येतो, डक्टस व्हिनोससच्या आडवाटेनं यकृत चुकवतो आणि उजव्या कर्णिकेत पोचतो. तिथून फोरामेन ओव्हेल या झडपेच्या खिडकीतून सरळ डाव्या बाजूला. त्यातल्या त्यात चांगलं रक्त असं मेंदूला आणि हृदयाला मिळतं. डोक्याकडून परतलेलं रक्त मात्र उजव्या जवनिकेतून फुप्फुसांकडे निघतं. तिथे अडथळा जबरदस्त, त्यामुळे बरंचसं रक्त डक्टस आर्टेरिओससच्या बोळातून महाधमनीत शिरतं. हा बोळ उजव्या हाताची शाखा फुटून गेल्यावर पुढे मिळतो, हे लक्षात ठेवा.

मी ठेवलं नव्हतं. लेबर रूमच्या पहिल्याच पोस्टिंगला एक बाळ रडलं, पण निळसरच दिसत होतं. मी घाईनं पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब पायाला लावला. सिस्टरनी काही न बोलता तो काढून उजव्या मनगटाला गुंडाळला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला 66 टक्के. माझ्या पोटात गोळा! “दोन मिनिटं झालीत फक्त,” त्या म्हणाल्या. “श्वास बघ, ठोके मोज.” ठोके शंभराच्या वर होते. पाचव्या मिनिटाला 83, दहाव्याला 92.

दुसऱ्या मिनिटाला 65 ते 70, पाचव्याला 80 ते 85 आणि दहाव्याला 85 ते 95 एवढंच अपेक्षित असतं, कारण आत सगळी वाहतूक वळवण्याचं काम चालू असतं. श्वासाबरोबर फुप्फुसं उघडतात, त्यांच्यातला अडथळा उतरतो, तिथलं रक्त डाव्या कर्णिकेत परतू लागतं. डावीकडचा दाब वाढला की खिडकीची झडप लागते. नाळ बांधली की वारेशी संबंध तुटतो आणि महाधमनीतला दाब चढतो. बोळ मात्र सावकाश मिटतो. ऑक्सिजन वाढतो, बोळ उघडा ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन घटतं आणि पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात तो साधारण दोन-तीन दिवसांत आवळला जातो. मेंदूला आणि उजव्या हाताला जाणारं रक्त त्याच्या आधीच फुटतं, म्हणून तर प्रोब उजव्या हाताला.

कमी दिवसांच्या बाळात बोळ उघडा राहिला तर तो बंद व्हायला औषध द्यावं लागू शकतं. उलट, हृदयाच्या काही जन्मजात दोषांत तोच उघडा ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावतात. दोन्ही बाळं शेजारशेजारच्या वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यावर) असली की नवीन मुली चक्रावतात.

आणि हो, सुमारे चौघांतल्या एका मोठ्या माणसात ती खिडकी पूर्ण चिकटलेलीच नसते. तोंडीला हे विचारतात.