एन्दोसारखी घरंगळती पेनल्टी कशी मारावी

फुटबॉलमध्ये जपानकडून विक्रमी १५२ सामने खेळलेल्या मिडफिल्डर यासुहितो एन्दोची पेनल्टी ताकदीची नव्हे, नजरेची होती.

चेंडू ११ मीटरच्या खुणेवर ठेवा. सावकाश या. नजर चेंडूवर नको, गोलकीपरच्या गुडघ्यांवर हवी. कुठे झेपावणार ते तिथेच आधी कळतं. त्याचा भार एका बाजूला गेला की पावलाच्या आतल्या बाजूने चेंडू दुसऱ्या बाजूला नुसता ढकला. शेवटचं पाऊल आखूड हवं, लांब पडलं तर ऐनवेळी दिशा बदलता येत नाही. धावताना वेग कमी केलेला चालतो. धाव संपल्यावर हुल दिली तर पिवळं कार्ड मिळतं आणि गोलही धरत नाहीत.

खरी अडचण गोलकीपर हललाच नाही तर. तेव्हा हळू चेंडू तो सहज उचलतो. त्यासाठी कोपऱ्यातला जोरकस फटकाही घोटून ठेवा.