मराठी टायपिंग शिकताय? आधी हातावर टॉवेल टाका

दहावी-बारावीचे पेपर संपले की सोलापुरात टायपिंग क्लासच्या जिन्यात चपलांचा ढीग पडतो आणि नाव घालायला आलेल्या पालकांचा ठरलेला प्रश्न असतो, अहो आता फोनमध्ये नुसतं बोललं तरी टाइप होतंय, मग पैसे देऊन हे शिकायचं कशाला. प्रश्न काही चुकीचा नाही. घरच्या ग्रुपवर "गड्ड्याच्या जत्रेला किती वाजता निघायचं" एवढंच लिहायचं असेल तर खरंच काही शिकू नका, बोला नाहीतर इंग्रजी अक्षरांतून मराठी करा, कुणी मार्क कापत नाही. फक्त आपली सोलापुरी बोली त्या फोनला पचत नाही, "काय करलालास बे" म्हटलं की तो भलतंच काहीतरी छापतो, ते तेवढं सांभाळून घ्या.

पण लिपिक-टंकलेखकाची जागा बघत असाल तर मराठी 30 नाहीतर इंग्रजी 40 शब्द मिनिटाला असं सरकारी सर्टिफिकेट लागतं, ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि तिथं बोलून भागत नाही. शिवाय वकिलाकडं, पतसंस्थेत, डीटीपीच्या दुकानात, नाहीतर चादरीच्या होलसेलवाल्याकडं बसून दिवसभर मजकूर आणि बिलं काढायची असतील तर दोन बोटांनी टकटक करणाऱ्याची संध्याकाळपर्यंत मान जाते. अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट, टायपिंग शिकायचं म्हणजे पेन सोडायचं नाही. बोर्डाचा पेपर पेननंच लिहायचा आहे, यूपीएससीची मुख्य परीक्षा पण हातानंच, आणि वर्षभर नोट्स लॅपटॉपवर काढणारी पोरं तीन तासांच्या पेपरला बसली की दुसऱ्या तासाला हात झटकत बसतात. अमेरिकेत 2014 साली एक अभ्यास गाजला होता, त्यात असं दिसलं की लॅपटॉपवर नोट्स घेणारे सरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवत जातात आणि समजून उत्तर द्यायच्या प्रश्नात हातानं लिहिणाऱ्यांपेक्षा मागं पडतात. पुढं इतरांनी तोच प्रयोग परत केला तेव्हा फरक तेवढा ठळक आला नाही हेही खरं, म्हणून मी त्याचा फार गवगवा करत नाही. माझं साधं मत असं की जे डोक्यात बसवायचंय ते हातानं लिहा, आणि जे दुसऱ्याला पाठवायचंय, पुन्हा दुरुस्त करायचंय किंवा दहा प्रती काढायच्यात ते टाइप करा. जुन्या पेढीवरचे दिवाणजी बघा, जीएसटीचं बिल कॉम्प्युटरवर निघतं पण उधारीची खतावणी अजून हातानंच, कारण कुठल्या पानावर कुणाचं किती राहिलंय हे त्यांना न उघडता आठवतं.

आता लेआउट, म्हणजे कुठल्या कीवर कुठलं अक्षर ही मांडणी, कुठला शिकायचा. इथं पोरं सगळ्यात जास्त गोंधळतात. ज्यांचे काका-मामा टाइपरायटरवर शिकले ते म्हणणार रेमिंग्टनच घे, आणि जुन्या डीटीपीवाल्यांचा हात पण त्यावरच बसलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याच्याबरोबर जुने फॉन्ट येतात, आणि तो फॉन्ट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नसला की तुमचा अख्खा अर्ज इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडतो. फोनेटिक म्हणजे इंग्रजी स्पेलिंग करून मराठी काढायची पद्धत, ती पहिल्या दिवशी सोपी वाटते पण प्रत्येक शब्दाला डोकं आधी इंग्रजीत जाऊन येतं, ण की न, ळ की ल हे खालच्या यादीतून निवडत बसावं लागतं आणि स्पीड एका जागी अडकतो. नवीन शिकणाऱ्यानं सरळ इन्स्क्रिप्ट घ्यावा असं मी सांगतो. 1986 साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं तो ठरवला, विंडोजमध्ये आयता मिळतो, आणि त्याची मांडणी बाराखडी येणाऱ्या माणसाला पटते, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक सगळी उजव्या हाताला. परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तर त्यात कुठला लेआउट निवडायचा ते मात्र क्लासमध्ये आधी विचारून घ्या, नंतर रडारड नको.

सेटिंग सोपं आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथं लँग्वेज, ॲड करून मराठी घ्या, मग विंडोजची की आणि स्पेस एकदम दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. कुठल्या कीवर काय आहे हे बघायला विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा, स्क्रीनवर कीबोर्ड उघडतो. नाहीतर कागदावर प्रिंट काढून समोर भिंतीला चिकटवा. कीबोर्डवर लावायचे ते मराठी अक्षरांचे स्टिकर मिळतात, ते घेऊ नका. स्टिकर असले की डोळे खाली जाणारच, आणि डोळे खाली गेले की बोटं काही शिकत नाहीत.

बसायचं ताठ, मनगट टेबलावर टेकवायचं नाही, लॅपटॉप पलंगावर तर अजिबात नाही. एफ आणि जे या दोन कींवर छोटासा उंचवटा असतो, दोन्ही तर्जन्या तिथं. मराठीत एफवर पहिली वेलांटी येते आणि जेवर र. मधली सगळी ओळ डावीकडून अशी आहे: ो, े, पाय मोडायचं चिन्ह, ि, ु आणि मग प, र, क, त, च, ट. पहिला आठवडा एवढीच ओळ. कंटाळा येतो, मान्य आहे, पण नुसतं "परकतचट" बडवत बसण्यापेक्षा याच अक्षरांतून होणारे शब्द घ्या: पोपट, कोपर, चिकट, तुरट, तुपकट, तिप्पट, पत्र, पुत्र, कुत्रे. बघा, वरच्या-खालच्या ओळीला हात न लावता जोडाक्षरं पण आली.

जोडाक्षरावरच नवीन पोरांची गाडी अडते, कारण हाताची सवय वेगळी असते. आपण कागदावर "कि" लिहितो तेव्हा आधी वेलांटी काढतो आणि मग क, रेमिंग्टनवर पण तसंच. इन्स्क्रिप्टला तोंडातून जसं निघतं तसं लागतं, आधी क, मग वेलांटी. रफाराचं तर पार उलटं. "सूर्य" लिहिताना आपण सू लिहून, य काढून, सगळ्यात शेवटी त्याच्या डोक्यावर रफार देतो. इथं स, दुसरा उकार, र, पाय मोड, य या क्रमानं जायचं आणि रफार आपोआप जागेवर जाऊन बसतो. सुरुवातीला शब्द दिसेल तसा आठवू नका, तोंडानं फोडून बोला आणि बोलाल तसं दाबा. "सिद्धेश्वर" घ्या: स, ि, द, पाय मोड, ध, े, श, पाय मोड, व, र. दहा वेळा की दाबली, त्यात ध आणि श दोनच शिफ्टवाले. हा शब्द न बघता आला की बाकीच्या जोडाक्षरांची भीती जाते. "गड्ड्याची"मध्ये पाय दोनदा मोडायचा, तो पण करून बघा.

शिफ्टचं गणित कळलं की निम्मं पाठांतर वाचतं. क वर शिफ्ट दाबलं की ख, ग चं घ, त चं थ, द चं ध, प चं फ, ब चं भ, असंच च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ. मात्रांवर शिफ्ट दाबलं की पूर्ण स्वर, ि चा इ, ा चा आ. स-श एकाच कीवर, ल-ळ पण एकाच कीवर, त्यामुळं "जुळे सोलापूर" आपल्याला लवकर बसतं. फक्त ण तेवढा म च्या डोक्यावर जाऊन बसलाय, त्याला काही लॉजिक नाही, पाठ करा. ष स्वल्पविरामाच्या कीवर शिफ्टनं येतो. कॉलेज, डॉक्टरमधला ॉ एंटरच्या वरच्या तिरप्या रेघेच्या कीवर असतो, पण काही लॅपटॉपवर ती की इकडं-तिकडं असते, आपल्या कीबोर्डवर आधी शोधून ठेवा.

आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरांना तर यात डबल फायदा आहे. इन्स्क्रिप्टमध्ये मराठीचा क ज्या कीवर, तेलुगूचा पण क त्याच कीवर, कन्नडचाही तिथंच. म्हणजे एकदा बोटं बसली की भाषा बदलायची फक्त, लिपी वाचता येत असली म्हणजे झालं. सोलापूरसारख्या गावात याचं महत्त्व क्लासवाल्यांनी जास्त सांगायला पाहिजे, पण कुणी सांगत नाही.

एक चूक मात्र सर्टिफिकेट मिळालेले लोक पण सर्रास करतात, ती म्हणजे "दुसऱ्या", "पुऱ्या" मधला र. तिथं साधा र घेऊन पाय मोडला की य वर रफार चढतो, मग डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा दर्या होतो. जेवर शिफ्ट दाबलं की खाली टिंब असलेला र येतो, तो घ्यायचा, मग पाय मोड, मग य. एवढंच आहे, पण सोलापुरातले निम्मे फ्लेक्स यावर घसरलेले दिसतील.

सराव रोज अर्धा-पाऊण तास. रविवारी तीन तास बसून उरलेला आठवडा सुट्टी, असं केलं तर बोटं सगळं विसरतात. पाणी यायच्या दिवशी क्लासला दांडी पडते हे मी समजू शकतो, त्या दिवशी घरी निदान पंधरा मिनिटं तरी करा. खाली बघायची सवय जात नसेल तर घरातला एखादा टॉवेल, सोलापुरात त्याची काही टंचाई नाही, दोन्ही हातांवर टाका आणि त्याच्याखाली टाइप करा. हसायला येईल पण चार-पाच दिवसांत मान वर राहायला लागते. बॅकस्पेसला पण आवर घाला. चूक झाली की लगेच मागं जायचं नाही, ओळ संपवायची, मग वाचायचं आणि कुठलं बोट सारखं चुकतंय ते हेरून त्याच अक्षराचे शब्द दुसऱ्या दिवशी जास्त करायचे. स्पीड मोजायची घाई पहिला महिना करू नका. इंग्रजीत पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात, तेव्हा 40 चा स्पीड म्हणजे मिनिटाला दोनशे ठोके, हा आकडा पहिल्या आठवड्यात ऐकून पोरं घाबरतात आणि बडवायला लागतात, मग चुका पक्क्या होतात आणि पक्क्या झालेल्या चुका काढायला दुप्पट वेळ जातो.

सरावाचा मजकूर आपल्या रोजच्या कामातला घ्या. घराचा पत्ता, सात रस्ता ते अक्कलकोट रोड वाटेतल्या दुकानांच्या पाट्या, सोसायटीची नोटीस, किराण्याची यादी. ज्या शब्दांची रोज गरज पडते ते बोटात आधी बसले पाहिजेत.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकदम सुरू करू नका. आधी एक, ते न बघता जमलं की दुसरं, बोटांच्या जागा त्याच असल्यानं दुसऱ्याला वेळ कमी लागतो. आणि परीक्षा महिन्यावर आली की क्लासमधल्या आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवरून उठा, दुसऱ्याच्या जागेवर बसा, एखाद्या सायबर कॅफेत जाऊन या. सेंटरवरचा कीबोर्ड कडक असतो का ढिला हे आपल्या हातात नसतं.