‘निषिद्ध’ कुठे लिहावे आणि कुठे टाळावे

‘निषिद्ध’ हा शब्द लिहिताना आधी त्याचे ‘निषेध’ या शब्दाशी असलेले नाते पाहावे, कारण बहुतेक घोटाळा तिथेच होतो. दोन्ही शब्द ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘सिध्’ हा धातू यांपासून झाले आहेत. संस्कृतात निषेध म्हणजे मनाईच, आणि ‘विधिनिषेध’ या जोडशब्दात तो जुना अर्थ मराठीतही टिकून आहे. एकट्या ‘निषेधा’ला मात्र आज जाहीर नापसंतीचा अर्थ चिकटला आहे. ‘सभेने या कृत्याचा निषेध केला’ म्हणजे सभेने ते धिक्कारले. ते निषिद्ध ठरले असे नव्हे.

धर्मशास्त्र, रूढी किंवा एखाद्या व्यवस्थेचा नियम जी गोष्ट करू नये असे सांगतो, ती निषिद्ध. नित्य (रोजचे), नैमित्तिक (प्रसंगपरत्वे करायचे) आणि काम्य (फळाच्या इच्छेने करायचे) या कर्मांच्या जोडीने येणारे ‘निषिद्ध कर्म’ या अर्थाचेच आहे. मनाई करणारे सरकार किंवा कचेरी असेल, तर ‘बंदी’ आणि ‘मनाई’ हे साधे शब्द अधिक नेमके वाटतात. फलकावर ‘प्रवेश निषिद्ध’ रूढ आहे खरे, पण ‘वाहनांना निषिद्धता आहे’ असले वाक्य कोणी लिहू नये.

खरी कसोटी ‘वर्ज्य’पाशी लागते. वर्ज्य म्हणजे वगळायचे, आणि वगळण्यात पाप किंवा गुन्हा असतोच असे नाही. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. त्यांना निषिद्ध म्हटले, तर त्या बिचाऱ्या स्वरांवर उगाच ठपका येतो. वैद्याने मीठ सोडायला सांगितले, तर तेही वर्ज्यच. ‘त्याज्य’मध्ये मनाईपेक्षा ‘टाकून देण्याजोगे’ हा निवाडा असतो. समाज ज्याविषयी बोलणेही टाळतो, त्याला हल्ली ‘टॅबू’ म्हणतात. हा शब्द इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक यांनी 1777 मध्ये पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांवर ऐकला होता. तेथे त्यात पवित्र आणि मना असे दोन्ही अर्थ होते, त्यामुळे ‘निषिद्ध’ हा त्याचा अर्धाच प्रतिशब्द ठरतो.

‘निषिद्ध’ हे विशेषण बदलत नाही: निषिद्ध विषय, निषिद्ध गोष्टी. क्रियापदे ‘मानणे’, ‘ठरवणे’ आणि ‘असणे’ ही शोभतात. लिहिताना ‘षि’ ऱ्हस्व ठेवावा आणि जोडाक्षरात आधी ‘द’, मग ‘ध’ घ्यावा. टंकलेखनात सर्रास दिसणारे ‘निषिध्द’ हे रूप चुकीचे आहे.