युद्धवीरांसाठी डायोरामा करताना या चुका टाळा

सैनिकांच्या सन्मानार्थ केलेला डायोरामा, म्हणजे छोट्या प्रतिकृतींनी उभा केलेला देखावा, पाहायला प्रत्यक्ष लढलेली माणसे येतात, आणि त्यांची नजर रंगकामाच्या सफाईआधी प्रसंगाच्या खरेपणाकडे जाते. म्हणून लढाई कोणती, महिना कोणता आणि हाती शस्त्र कोणते, हे कागदावर उतरल्याशिवाय किटचा एकही भाग कापू नये, असा माझा आग्रह असतो.

मला सर्वांत असह्य होणारी चूक रिकॉइललेस तोफेच्या मागे असते. घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीत प्रजासत्ताक दिनी १९६५च्या असल उत्तरच्या लढाईचा देखावा मांडला होता. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांची जीप, तिच्यावरची १०६ मिलिमीटरची तोफ, समोरचा पॅटन रणगाडा, सारे नेटके होते. मात्र देखावा भरलेला दिसावा म्हणून दोन जवान नेमके तोफेच्या मागच्या तोंडाशी उभे केले होते. एक निवृत्त सुभेदार बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, “बाळा, ही दोघं पहिल्याच गोळ्याला गेली.” या तोफेचा जळता वायू मागून प्रचंड वेगाने बाहेर पडतो, म्हणूनच तिला धक्का बसत नाही, आणि म्हणूनच तिच्या मागे कोणी उभे राहत नाही. १:३५ या स्केलमध्ये, म्हणजे सारे मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढे असताना, तेथून देखाव्याच्या पाटाच्या कडेपर्यंतची जागा मोकळी हवी; मी तेथे फक्त आडवे झालेले गवत आणि उडालेली धूळ दाखवतो.

त्याच देखाव्यात जमीन वाळवंटासारखी पिवळी होती. खेमकरण भागात शेतांत पाणी सोडल्यामुळे पॅटन चिखलात रुतले आणि उभ्या उसाने आपल्या जवानांना आडोसा दिला. अडीच मीटरचा ऊस या स्केलमध्ये सात सेंटीमीटरचा होतो, म्हणजे पाच सेंटीमीटरच्या जवानाच्या डोक्यावर जातो. गुडघ्याएवढे गवत लावून त्याला ऊस म्हणता येत नाही.

दुसरी चूक ठाण्याच्या पावसाळ्यात हमखास होते. १५ ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी जुलैअखेर जागे होणारे भर पावसात खिडकीशी बसून लॅकरचे मॅट वॉर्निश फवारतात. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर बसते आणि महिनाभराच्या रंगकामावर पांढुरकी झाक येते. मी आर्द्रतामापक पाहतो. आकडा सत्तरच्या वर असेल तर फवारणी करत नाही, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वॉर्निश ब्रशने लावतो. फेविकॉलमध्ये कालवलेली जमीनही पातळ थरांनीच चढवावी, कारण जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि त्याला बुरशी धरते. हेअर ड्रायरने घाई केली की भेगा पडतात, हे सांगूनही नवशिके ऐकत नाहीत.

खाडीकाठची वाळू न धुता वापरू नये. तिच्यातील मीठ ओल धरते. डेकल, म्हणजे आकडे-खुणांची पातळ छापील पट्टी, मॅट रंगावर लावू नये, आधी ग्लॉसचा चकचकीत थर द्यावा, नाहीतर खाली हवा अडकून ते चंदेरी दिसते. १९७१च्या जवानाच्या हाती इन्सास रायफल देऊ नये; ती १९९०च्या दशकात आली. रणगाड्याचे पट्टे जमीन ओली असतानाच दाबून बसवावेत, म्हणजे तो अधांतरी दिसत नाही.

नामफलकावरील पद, पलटण आणि तारीख दुसऱ्या जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय तो चिकटवू नये, आणि जागा पुरत नाही म्हणून ‘कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार’चे नुसते ‘हवालदार’ करू नये. फलक मोठा करावा.