वाहतूक चलनाच्या तारखेला न्यायालयात जाता येत नाही? या चुका टाळा

चलनाच्या कागदावर ‘न्यायालय’ हा शब्द दिसला, की एक तर घाबरून कोणा मध्यस्थाच्या हातात पैसे ठेवले जातात, नाही तर कागद घडी घालून कपाटात पडून राहतो. त्याआधीची खरी चूक म्हणजे कागद नेमका कशाचा आहे, हे न वाचणे. लोकअदालतीची नोटीस आणि दंडाधिकाऱ्यांचे समन्स यांत मोठा फरक आहे. लोकअदालतीत प्रकरण तडजोडीनेच मिटते. तेथे गेला नाहीत एवढ्यावरून वॉरंट निघत नाही, आणि महाट्रॅफिकच्या, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर दंड आधीच भरता येत असेल, तर लातूरहून पुण्याला जाण्याची गरजही सहसा उरत नाही.

समन्स आले असेल तर मात्र गप्प बसणे महागात पडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०८ नुसार, केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात वकिलामार्फत हजर राहण्याची, तसेच गुन्हा कबूल करून ठरलेल्या मुदतीत रक्कम पाठवण्याची मुभा न्यायालयाने समन्सवरच नमूद करायची असते. पण लोक फक्त तारीख पाहतात. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडचे कुटुंब कोल्हापूरच्या फडावर असताना गावच्या पत्त्यावर समन्स आले, तर गावातल्या माणसाकडून समन्सच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवावेत. पोलिसातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून ‘साहेबांना सांगा’ म्हणणे म्हणजे अर्ज नव्हे. ज्या न्यायालयाचे समन्स आहे, तेथे काम करणाऱ्या वकिलाला वकीलपत्र देऊन, दवाखान्याचे किंवा कामाचे कागद जोडून, हजेरी माफीचा अर्ज त्याच तारखेला दाखल व्हावा लागतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. ही सोय फारच कमी लोक वापरतात.

दारू पिऊन वाहन चालवल्याच्या, म्हणजे कलम १८५ च्या, प्रकरणात कैदेचीही तरतूद आहे. ते साध्या चलनासारखे घरबसल्या मिटेल असे धरून चालू नये.

प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात असेल, तर दंड मान्य करून ऑनलाइन भरता येतो. आव्हान दिल्यास ते नियमित न्यायालयाकडे जाते, म्हणून प्रवास शक्य नसलेल्याने तो पर्याय वकिलाला विचारूनच निवडावा. मात्र चलनच चुकीचे असेल, तर ‘मिटवून टाकू’ म्हणून आधी पैसे भरू नयेत. चलनातला फोटो मोठा करून पाहावा: ‘एमएच २४’ पुढच्या आकड्यांत ३ चा ८ झाला आहे का, गाडीचा रंग आणि मॉडेल आपलेच आहे का? फरक आढळल्यास आपल्या गाडीचे फोटो जोडून महाट्रॅफिकवरच तक्रार नोंदवावी.

बाजारात दुचाकी विकून केवळ बाँडपेपरवर सह्या घेणारे पुढे दुसऱ्याने केलेल्या चुकांच्या नोटिसा घेत बसतात, कारण आरटीओच्या नोंदीत मालक तेच राहतात. विक्रीनंतर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावे.

व्हॉट्सॲपवर आलेली ‘चलन’ नावाची एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी, फाइल उघडू नये. दंड भरण्यासाठी शासनाचे संकेतस्थळ स्वतः उघडावे. भरल्यावर पावती छापून गाडीच्या कागदांत ठेवावी, आणि काही दिवसांनीही चलन थकीत दिसत असेल, तर व्यवहार क्रमांक देऊन लेखी तक्रार करावी.