लायसन आणि आरसीवरचा पत्ता बदलताय? या चुका टाळा

साताऱ्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पत्ता बदलायची कामं माझ्याकडं बहुतेक वेळा बिघडल्यावरच येतात. आधी रात्री बारा वाजता मोबाइलवर स्वतः खटपट, मग एजंट, आणि शेवटी आमच्यासारखे. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे आधार कार्डावरचा पत्ता न बदलता लायसनचा अर्ज भरणं. फेसलेस सेवेत आधार निवडलं की कार्यालयात जावं लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या वाटेनं गेलं की पत्ताही आधारवरूनच उचलला जातो, याकडं कोणी बघत नाही. आधारवर जो पत्ता, तोच लायसनवर.

मागं एक पोरगा आला होता. मूळ मेढ्याकडचा, त्यामुळं लायसनवर गावचा पत्ता. हिंजवडीला नोकरी लागली तेव्हा गॅस कनेक्शनसाठी आधारवर कात्रजचा पत्ता घातलेला. पुढं नोकरी सुटली, साताऱ्यात गोडोलीला भाड्यानं खोली घेतली आणि लायसनवर गोडोली टाकायला बसला. आधार निवडलं, ओटीपी टाकला, फी भरली, झोपला. स्मार्ट कार्ड छापून निघालं ते कात्रजच्या पत्त्याचं! बरं, कार्ड स्पीड पोस्टानं जातं ते त्याच पत्त्यावर. तिथल्या नव्या भाडेकरूनं 'असा कोणी राहत नाही' म्हणून पोस्टमनला परत पाठवलं. पोरगा मला म्हणतो, "मामा, मी गोडोलीच टाकायला गेलतो की ओ." अरे, पण शेवटचं बटण दाबण्याआधी सगळा अर्ज एकदा दाखवतात, तो वाचायला काय झालं होतं? मग आधी आधार दुरुस्त केलं, आरटीओतून परत आलेल्या कार्डाचा तपास केला आणि नव्यानं फी भरून पुन्हा अर्ज केला. घाई होती म्हणून जे काम रात्रीत उरकलं, ते महिनाभर पुरलं.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधारवर नवा पत्ता आलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी परिवहनची साइट उघडतच नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे. भाड्यानं राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार हाताशी ठेवा. घरमालकानं साध्या कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन माझ्याकडं येऊ नका. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्र गाठा, कारण ओटीपीशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

दुसरी चूक एजंटांनी करून ठेवलेली असते, पण निस्तरायची तुम्हाला. गाडीच्या नोंदणीत मोबाइल नंबर एजंटाचाच! एक बाई मिरजेहून बदली होऊन इकडं आल्या, शाळेत शिक्षिका. स्कूटरच्या आरसीचा, म्हणजे नोंदणीच्या कागदाचा, पत्ता बदलायला बसलो तर ओटीपी जातोय कुठल्याशा अनोळखी नंबरवर. गाडी घेतली तेव्हा ज्यानं कागद केले त्यानं स्वतःचा नंबर घातलेला, आणि आता त्याचा पत्ताच नाही. त्यातून आणखी एक भानगड निघाली. ई-चलनाचे मेसेज नोंदणीतल्या नंबरवर जातात. त्यामुळं बाईंच्या नावावर चलनं साठत गेलेली आणि त्यांना पत्ताच नाही. बाई म्हणाल्या, "दादा, मला आजपर्यंत एक मेसेज आला नाही हो." येणार कसा?

म्हणून मी कुठल्याही आरसीचं काम नंबर तपासल्याशिवाय हातात घेत नाही. गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी 'वाहन' पोर्टल आहे, त्यावर मोबाइल नंबर बदलायची सोय आहे. गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर लागतो, आणि आधारवरचं नाव आरसीशी जुळावं लागतं. 'जाधव'चं इंग्रजी स्पेलिंग एकीकडं एक आणि दुसरीकडं दुसरं असेल तर तिथंच गाडी अडते, मग कार्यालयात कागद घेऊन जाण्यावाचून इलाज नाही. नंबर झाला की चलनं बघायची, भरायची, विमा आणि पीयूसी चालू आहे का पाहायचं, आणि मग पत्त्याला हात घालायचा. एजंटाकडं जाऊ नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः त्याच बाजारात बसलोय. पण ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर येऊ द्या आणि अर्जाची पावती मागून घ्या. लायसनवरच्या पत्त्याची केंद्रीय नियमांतली मूळ फी २०० रुपये आहे. कोणी हजारांत बोलायला लागला तर कशाचे ते विचारा.

आता बारीकसारीक.

नंबर प्लेट बदलेल म्हणून घाबरून बसणारे खूप. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडीचा नंबर बदलत नाही. पुण्याची एमएच-१२ साताऱ्यात आली तरी एमएच-१२च राहते, फक्त पत्ता बदलतो. तोही ३० दिवसांत कळवायचा असतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणं. सांगलीतच गावभागातून विश्रामबागला गेलात तरी पत्ता बदललाच, शहर तेच म्हणून सुट्टी नाही.

कर्नाटकातल्या गाडीचं वेगळं. मिरजेत केए-२२, केए-२३च्या गाड्या वर्षानुवर्षं फिरताना दिसतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवायची असेल तर तिकडच्या कार्यालयाची एनओसी, इकडचा कर आणि नवा नंबर, एवढं सगळं आलं. ते काम पत्ता बदलाच्या अर्जात भागत नाही.

तालुक्याचा घोळ रोजचा. सांगलीचा माणूस यादीत 'सांगली' तालुका शोधत बसतो; सांगली शहर मिरज तालुक्यात आहे. विट्याचा तालुका खानापूर, दहिवडीचा माण, वडूजचा खटाव, मेढ्याचा जावळी. पिनकोडवरून जिल्हा ओळखायला जाऊ नका, विटा आणि शिराळा सांगली जिल्ह्यात असून पिन ४१५ ने सुरू होतो. कऱ्हाडकरांनी सवयीनं सातारा कार्यालय निवडू नये, त्यांचं एमएच-५० वेगळं आहे.

गाडीवर कर्ज चालू असेल तर आरसीवरच्या पत्ता बदलाच्या फॉर्म ३३ वर बँकेची सही लागते. आणि कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा आपोआप उतरला, असं समजणाऱ्यांना तर मी हात टेकले. हप्ते संपून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच. बँकेकडून फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र घ्या, बोजा उतरवून घ्या.

जुनं पुस्तकी लायसन असेल तर ते 'सारथी'त, म्हणजे लायसनच्या सरकारी पोर्टलवर, सापडणार नाही. ज्या कार्यालयानं दिलं, तिथं जाऊन आधी नोंद चढवून घ्यावी लागते. घरबसल्या होत नाही, चार जणांना फोन करून उपयोग नाही.

आरसी हरवली असेल तर आधी डुप्लिकेट.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवली नसेल तर तीही बसवून घ्या, नाहीतर आरटीओची कामं अडतात.

गुगलवर शोधून पहिली दिसेल ती साइट उघडू नका. खरी साइट परिवहन डॉट गव्ह डॉट इन. आणि व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावानं एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप घुसवणारी) आली तर ती उघडायचीच नाही, मग ती सख्ख्या मेव्हण्याच्या नंबरवरून आलेली का असेना.

काम झालं की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधला जुना कागद काढून नवा घ्या, तो आपोआप बदलेल म्हणून थांबू नका. विमा कंपनीलाही नवा पत्ता कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या. ती नोंद झाल्याचा कागद मी आरसीच्या झेरॉक्ससोबत गाडीतच ठेवायला सांगतो.