गच्चीवर पवनचक्की? आधी वारा मोजा

सोसायटीच्या सभेत पवनचक्कीचा ठराव मांडण्याआधी गच्चीवर वेगमापक लावून वर्षभर वारा मोजा, तोही पाती फिरणार त्याच उंचीवर. वेग निम्मा झाला की वाऱ्यातली ऊर्जा एक-अष्टमांशच उरते. शहरात शेजारचे टॉवर, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली यांना आपटून वारा भोवरे घेतो. पाती फिरताना दिसतात, पण वीज तुटपुंजी. पुण्यात पावसाळी वाऱ्यावर तर मुळीच भुलू नका, हिवाळ्यात तो अगदीच मंदावतो. शिवाय खांबाची थरथर स्लॅबमधून वरच्या मजल्यावरच्या घरांत उतरते. लंडनच्या 2010 सालच्या स्ट्राटा टॉवरवर तीन चक्क्या आहेत, त्या क्वचितच फिरल्या. माझं स्पष्ट मत: तो पैसा सोलर पॅनेलमध्ये घाला, पंपाचं आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल खात्रीने उतरेल.